गोविंदबुवांचा द्वाड घोडा

शेगावच्या गजानन महाराजांची पोथी ज्यांच्या घरी वाचली जाते त्यांना नवव्या अध्यायातला घोडा नव्याने सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात गोष्ट अशी. गोविंदबुवा टाकळीकर नावाचे एक कीर्तनकार शेगावला मोट्यांच्या शिवमंदिरात कीर्तनासाठी उतरले होते. त्यांचा घोडा मंदिरासमोर बांधलेला. हा घोडा म्हणजे बुवांच्या डोक्याला कायमचा ताप. लाथा झाडणार, पुढ्यात येईल त्याला चावणार, सुटला की रानात पळणार, आणि रात्रंदिवस खिंकाळणार. दोरखंड टिकत नाहीत म्हणून बुवांनी त्याच्यासाठी लोखंडी साखळ्या करून घेतलेल्या. बाजारात विकायला नेला तर गिऱ्हाईक नाही, आणि फुकट देतो म्हटलं तरी घ्यायला कोणी तयार नाही.

त्या रात्री मात्र घोडा गप्प. बुवांची झोप मोडली ती आवाजाने नाही, शांततेने! उठून बघतात तर घोड्याच्या चार पायांमध्ये महाराज निवांत झोपलेले, तोंडाने त्यांचं नेहमीचं भजन चाललेलं, आणि घोडा जागच्या जागी शांत उभा. दुसऱ्या दिवशी बुवा घोड्यासकट महाराजांच्या दर्शनाला गेले, तेव्हा तिथली मंडळी म्हणाली की ही ब्याद इथे कशाला आणली. महाराजांनी घोड्याला समज दिली, की आता खोड्या पुरे, बैलासारखा शहाण्यासारखा वाग. पुढे त्या घोड्याने कोणाला त्रास दिला नाही.

दासगणू महाराजांनी 'श्री गजानन विजय' हा ग्रंथ शके १८६१ मध्ये, म्हणजे १९३९ साली लिहिला. महाराज शेगावात प्रकट झाले ते २३ फेब्रुवारी १८७८ला, आणि समाधिस्थ झाले ८ सप्टेंबर १९१०ला. म्हणजे ही घोड्याची गोष्ट त्या बत्तीस वर्षांतली. भाविकांसाठी हा चमत्कार आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. मला ओढ लागली ती गोष्टीच्या पहिल्या भागाची. लाथा, चावणं, पळणं, खिंकाळणं, साखळी, गिऱ्हाईक नाही. आमच्या धंद्यात याला उत्तम बग रिपोर्ट म्हणतात. लक्षणं नीट लिहिलेली, आतापर्यंत काय उपाय करून पाहिले तेही लिहिलेलं, आणि उपाय का फसले ते शोधायचं काम वाचणाऱ्यावर सोडलेलं. या शनिवार-रविवारी तेच काम करू.

आधी घोडा कसला होता ते बघू. 'घोडा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेतक येतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडात गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या बुडाखाली असायचं ते तट्टू. बुटकं, काटक, कडब्यावर जगणारं, वाट कशीही असो न अडखळणारं दख्खनी तट्टू. ते दिवस आठवा. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७०च्या सुमारास जलंबहून खामगावचा फाटा सुरू झाला, आणि कापसाच्या गाठी भराभर मुंबईला जाऊ लागल्या. शेगाव तर मुख्य मार्गावरचंच स्टेशन. पण रूळ सोडून चार कोस आत गेलं की पुन्हा बैलगाडी, नाहीतर तट्टू, नाहीतर आपले पाय. कीर्तनकाराचं सगळं आयुष्यच या आतल्या गावांत. आज या देवळात, उद्या त्या देवळात, आणि तट्टू प्रत्येक वेळी परक्या गावात, परक्या खुंट्याला, एकटं.

बुलढाणा जिल्ह्याला घोडे काही नवे नव्हते म्हणा. लखुजी जाधवांचं सिंदखेडराजा इथलंच. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली ते साखरखेर्डा इथलंच, आणि डिसेंबर १७५७ मध्ये मराठे आणि निजाम पुन्हा सिंदखेडलाच भिडले. दोनशे वर्षं या काळ्या मातीवरून फौजा आल्या आणि गेल्या. घोडा कसा आवरायचा हे ज्ञान इथे पोतंभर असणार. मग बुवांच्या वाट्यालाच हा घोडा का यावा?

माझं वाचन असं आहे, की हा घोडा अंडील होता, म्हणजे खच्ची न केलेला नर. लक्षणं तीच सांगतात. अकारण खिंकाळत राहणं, दातांचा सढळ वापर, दावं तोडून दूर पळणं. आणि तेव्हा आपल्याकडे घोडे सरसकट खच्ची करण्याची चाल नव्हती. फारसीतून आलेला 'अख्ता' हा खच्ची केलेल्या घोड्यासाठीचा शब्द मराठीत आहे, पण गोऱ्हा जसा वय झालं की ठेचायचाच, तसा घोड्याच्या बाबतीत शिरस्ता नव्हता. 'बैलासारखा वाग' या वाक्याचा मला म्हणूनच मोह पडतो. वऱ्हाडात शहाण्या जनावराचं माप म्हणजे बैल. पण बैल जन्मतः शहाणा नसतो. तो खच्ची केलेला असतो, लहानपणापासून जोडीदाराबरोबर चालायला शिकलेला असतो, रोज दमलेला असतो, आणि रात्री दावणीला दुसऱ्या जनावरांच्या शेजारी बांधलेला असतो. बुवांच्या घोड्याकडे यातलं काहीच नव्हतं. इथेच घोडं पेंड खातं. (माफ करा, राहवलं नाही.)

अंडील घोड्याची ही डोकेदुखी लढायांइतकी जुनी आहे. इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस, ख्रिस्तपूर्व पंधरावं शतक. त्याच्या अमेनेमहेब नावाच्या सरदाराच्या थडग्यात एक प्रसंग कोरलेला आहे. कादेशच्या राजाने इजिप्तच्या सैन्यात एक घोडी मोकळी सोडली. हेतू सरळ, की रथांना जुंपलेले घोडे तिच्या वासाने बिथरावेत. अमेनेमहेबने धावत जाऊन ती घोडी मारली म्हणून पुढचा गोंधळ टळला. अरबस्तानातले बेदुइन याच कारणाने धाडीला घोडीच नेत. घोडी शत्रूच्या घोड्यांचा वास आला म्हणून खिंकाळत नाही. मराठ्यांच्या फौजेतही घोड्यांपेक्षा घोड्यांच्या माद्यांवर, भीमथडीच्या तट्टाण्यांवर, भर असे. रात्री गुपचूप पन्नास मैल कापून छापा घालायचा तर खिंकाळणारा घोडा कोणाला हवा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्यात वळू, घोड्या आणि शिंगरं यांच्या जागा वेगवेगळ्या ठेवा असं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे अडचण सगळ्यांना माहीत होती. ज्याच्याकडे पागा होती तो जागा बदलून ती सोडवत होता. ज्याच्याकडे एकच घोडा आणि एक खुंटा होता, त्याच्या हातात उरत होती साखळी.

आपल्या भाषेत याचा केवढा साठा पडलाय बघा. 'पायबंद घालणे' म्हणजे घोड्याचे पाय दोरीने जखडणे. 'दुगाण्या झाडणे', 'लगाम खेचणे', 'चौखूर उधळणे', 'तोबरा भरणे'. तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. पागेत माणसंही वेगवेगळी. दाणापाणी आणि खरारा करणारा मोतद्दार, नाल ठोकणारा नालबंद, आणि नवा किंवा बिघडलेला घोडा फिरवून वळणावर आणणारा चाबुकस्वार. नालबंद आणि चाबुकस्वार ही आज नुसती आडनावं उरली आहेत. चाबुकस्वार हा पगारी, शिकलेला माणूस होता हे विसरू नका. त्याचं खरं हत्यार चाबूक नव्हे, रोजचा सराव. ज्याच्याकडे चाबुकस्वार नाही त्याच्याकडे नुसता चाबूक उरतो, आणि मग 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण तयार होते.

हा 'खोड' शब्द मोठा घातकी आहे. खोड म्हटलं की दोष जनावराच्या आत जाऊन बसतो. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घोडा बघताना माणसं अंगावरचे भोवरे तपासतात, गळ्याखाली देवमण आहे का बघतात, पंचकल्याणी आहे का बघतात. आणि मग हळूच विचारतात, खोड काय आहे? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने प्रश्न बरोबरच आहे. पण उत्तरात कोणी असं सांगत नाही की हा घोडा गेली चार वर्षं दिवसाचे बावीस तास एका जागी बांधलेला होता. बुवांचा घोडा फुकटही जाईना तो या प्रश्नापायी. एकदा 'द्वाड' हे नाव लागलं की ते घोड्याच्या आधी बाजारात पोचतं.

आता साखळीचं काय होतं ते बघा. घोडा हे कळपात राहणारं आणि धोका दिसला की पळणारं जनावर. मोकळा असला तर दिवसाचे पंधरा-सोळा तास चालत-चालत चरतो. त्याला एकटं बांधलं की तीन गोष्टी एकदम जातात. सोबत, चालणं आणि सतत थोडं थोडं खाणं. बदल्यात मिळतात हरभऱ्याचे दोन तोबरे, म्हणजे अंगात रग भरपूर आणि ती जिरवायला वाट नाही. मग तो खिंकाळतो, कारण सोबत शोधतोय. पाय आपटतो, दावं तोडतो. माणूस म्हणतो द्वाड आहे, आणि दोराची साखळी करतो. आता भीती वाटली तर पळायचा मार्गही बंद. ज्याला पळता येत नाही ते जनावर लढतं. लाथ आली, चावा आला. माणूस लांबून चारा टाकू लागतो, खरारा बंद होतो, फिरवणं बंद होतं, म्हणजे रग आणखी वाढते. आमच्याकडे अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. मूळ कारण तसंच, वर ठिगळ, आणि प्रत्येक ठिगळातून दोन नवे बग. साखळी हा बुवांच्या घोड्यावरचा शेवटचा पॅच होता.

हे नुसतं माझं तर्कट नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये सू मॅकडोनेल यांनी १९९४ पासून शेटलंड जातीच्या छोट्या तट्टांचा एक कळप जवळजवळ रानटी अवस्थेत ठेवून अभ्यासला. तिथे दिसलं ते असं, की अंडील तट्टाचं वागणं कायमचं ठरलेलं नसतं. घोड्यांच्या माद्या ताब्यात आल्या की त्याच नराचं खिंकाळणं, मिरवणं आणि अंगातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं. माद्या गेल्या आणि तो इतर नरांच्या टोळीत राहू लागला की सगळं उतरतं. जनावर तेच, फक्त शेजार बदलला. स्वित्झर्लंडमध्ये आवांशच्या सरकारी अश्वशाळेत आणखी पुढचा प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एरवी वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलेले पैदाशीचे नर घोडे त्यांनी हंगाम संपल्यावर एकत्र एका मोठ्या कुरणात सोडले. आधी एकमेकांची ओळख करून दिली होती, आणि जवळपास घोडी नव्हती. सगळ्यांना वाटलं होतं रक्तपात होईल. प्रत्यक्षात भांडणं तीन-चार दिवसांत झपाट्याने उतरली, आणि तीही बरीचशी हूल देण्यापुरतीच होती. एकमेकांना जिवे मारणारी म्हणून शतकानुशतकं वेगळी बांधलेली जनावरं!

आणि बुवांच्या घोड्याचा एक जुळा भाऊ इंग्लंडमध्ये होता. क्रूझर नावाचा शर्यतीच्या जातीचा घोडा, मालक लॉर्ड डॉर्चेस्टर. त्याच्या जवळ जायची कोणाची छाती नव्हती, तोंडाला भलंमोठं लोखंडी मुसकं कायमचं अडकवलेलं. १८५८ साली ओहायोचा जॉन रेरी नावाचा माणूस इंग्लंडमध्ये होता. त्याने राणी व्हिक्टोरियासमोर घोडे शांत करून दाखवले होते. त्याला आव्हान म्हणून क्रूझर दिला गेला. रेरी एकटा आत गेला, आणि तीन तासांनी क्रूझरवर माणूस बसला. अख्ख्या लंडनने डोक्यावर घेतलं. रेरीने दहा गिनी फी लावून, गुपित फोडणार नाही अशा कबुलीवर, आपली रीत शिकवली.

ते गुपित निम्मं प्रेमळ होतं आणि निम्मं नव्हतं. रेरी घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने वर बांधायचा, घोडा थकून खाली बसेपर्यंत थांबायचा, आणि मग त्याच्या सर्वांगावरून हळूहळू हात फिरवायचा, पायांमध्ये जाऊन बसायचा, बोलत राहायचा. पाय बांधून हतबल करण्यावर आजचे जाणकार योग्यच आक्षेप घेतात. हार मानलेलं जनावर आणि विश्वास टाकलेलं जनावर दुरून सारखंच दिसतं. पण रेरीच्या काळच्या लोकांना धक्का बसला तो दुसऱ्या अर्ध्या भागाचा. त्याने मारलं नाही, ओरडला नाही, चिडला नाही. खरं तर हे ग्रीक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवलं होतं. घोड्याकडे रागात जाऊ नका. आणि एखाद्या वस्तूला घाबरणाऱ्या घोड्याला मारू नका, कारण त्याला वाटतं की दुखलं ते त्या वस्तूमुळेच. दोन हजार वर्षांत ही गोष्ट माणूस कितीदा शिकला आणि कितीदा विसरला कोणास ठाऊक.

उरला माणसाच्या भीतीचा प्रश्न. २००९ मध्ये स्वीडनच्या लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी एक साधा, गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने घोड्याला धरून ठरलेल्या वाटेवरून चार वेळा न्यायचं. चौथ्या वेळी माणसाला सांगायचं की आता घोडा जवळून जाताना एक छत्री फटकन उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीची काहीच कल्पना नव्हती त्या घोड्याचेही वाढले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला भीती पोचते. आता बुवांच्या घोड्याचा विचार करा. कित्येक महिने त्याच्याजवळ येणारा प्रत्येक माणूस घाबरलेला किंवा चिडलेला. जे जे म्हणून दोन पायांवर आलं, त्याच्याबरोबर धोक्याची खबरही आली. आणि त्या रात्री पहिल्यांदा एक माणूस असा आला की ज्याला घोड्याची भीती नव्हती, घोड्याकडून काही नको होतं, हातात दोरी किंवा काठी नव्हती. तो नुसता जवळ आला, एका लयीत हळू आवाजात म्हणत राहिला, आणि उठून गेलाही नाही. एकट्या घोड्याला सोबत मिळाली.

चमत्कार मानणाऱ्याने चमत्कार मानावा. मी एवढंच म्हणेन, की ज्या कोणी ही आठवण सांगितली आणि ज्यांनी ती ओव्यांत बांधली, त्यांना शांत झालेला घोडा कसा दिसतो हे पक्कं ठाऊक होतं.

(आता कृपा करून कोणी द्वाड घोड्याच्या पायात जाऊन झोपू नका. तो अधिकार वेगळा.)

तट्टू बाळगणाऱ्याने मग करायचं काय? आजचे पशुवैद्य आणि अनुभवी घोडेवाले जे सांगतात ते असं, आणि त्यात कुठेही जादू नाही. पैदास करायची नसेल तर डॉक्टरकडून वेळेत खच्ची करून घ्यावं, मोठं झाल्यावर केलं तर मुरलेल्या सवयी पूर्ण जातीलच असं नाही. चावरा असेल तर हातावर खाऊ देऊ नये, आणि तोंडावर तर कधीच मारू नये. तो लवकरच मारणाऱ्या हाताच्या आधी चावायला शिकतो. दाणा कमी, वैरण जास्त आणि पुष्कळदा. रोज चालवणं. दुसरं जनावर दिसेल, हुंगता येईल अशी जागा, पण माजावरच्या घोडीपासून लांब. ठरलेला माणूस, ठरलेली वेळ. आणि काटेरी लगाम नाही. तो तर १९६५च्या नियमांनुसार बेकायदेशीरच आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजून सापडतो. बँडच्या दणदणाटात तो घोडा एवढा गप्प कसा उभा राहतो याचं कौतुक करण्याआधी त्याच्या तोंडात काय आहे ते एकदा बघा.

भीमथडी घोड्याची आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. आपल्या राज्यगीतातही भीमथडीची तट्टं आहेतच. गाणं लागलं की आपण उभे राहतो. चांगलं आहे. जात टिकेल. पण जातीबरोबर ती हाताळायची रीत टिकली नाही, तर आपण सुंदर, काटक, नोंदणीकृत घोडे पैदा करू आणि ते साखळीला बांधून ठेवू. मोतद्दार आणि चाबुकस्वार यांचं ज्ञान कुठल्याही दप्तरात नाही, ते हातांत होतं, आणि ते हात झपाट्याने कमी होतायत. सारंगखेड्याला किंवा नांदेडकडच्या माळेगावला खंडोबाच्या जत्रेत एखादा म्हातारा दिसेल, बिथरलेल्या तट्टाशी काही न करता नुसता उभा राहिलेला. त्याला विचारून घ्या तो काय करतोय. बहुतेक तो म्हणेल, काही नाही, त्याला बघू देतोय.